डॉ. कमल रणदिवे : पेशींना प्रश्न विचारणारी बाई, आणि पोटातला एक दुर्मीळ व्रण



८ नोव्हेंबर हा डॉ. कमल रणदिवे यांचा जन्मदिवस. परिपाठात आपण दिनविशेष सांगतो, नाव सांगतो, पद्मभूषण मिळालं एवढं सांगतो आणि पुढच्या तासाला लागतो. मीही इतकी वर्षं तेच केलं. यंदा मात्र त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहावंसं वाटलं, आणि त्याला कारण झालं आमच्या वर्गातल्या एका मुलीचं बोलणं.

मधल्या सुट्टीत ती मैत्रिणींना सांगत होती की आमच्या आजीचं ताट आणि पेला आता वेगळा ठेवलाय, आजीजवळ झोपायचं नाही असं घरी बजावलंय. मी तिच्या आईला भेटले तेव्हा सगळा प्रकार समजला. आजीला बऱ्याच वर्षांपासून संधिवात. त्यासाठी प्रतिकारशक्ती कमी करणारी गोळी चालू होती. मध्यंतरी पोट दुखायला लागलं, शौचाला काळी होऊ लागली, अशक्तपणा आला. दुर्बिणीची तपासणी केली तर जठरात अल्सर निघाला. तुकडा तपासायला पाठवला. आधी कॅन्सरची शंका आली, घरात रडारड झाली. मग आणखी एक तपासणी झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं की कॅन्सर नाही, एका व्हायरसशी संबंधित असा दुर्मीळ अल्सर आहे. घरच्यांना कॅन्सर नाही याचा आनंद झाला, पण व्हायरस हा शब्द मनात रुतून बसला. करोनाचे दिवस कोण विसरलंय? लगेच आजीचं ताट वेगळं झालं.

व्हायरस अंगात आहे म्हणजे आजार आहे का? आणि व्हायरसमुळे झालेला प्रत्येक आजार एकाचा दुसऱ्याला लागतो का? हे प्रश्न त्या आईचे होते, पण ते आपल्या सगळ्यांचेच आहेत. त्यांचं उत्तर शोधताना मला कमलताईंचं आयुष्य फार उपयोगी पडलं. म्हणून हा पाठ.

बालपण आणि शिक्षण

कमल समर्थ यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. आईचं नाव शांताबाई. आपल्या मुलांनी आणि खास करून मुलींनी चांगलं शिकावं असा वडिलांचा आग्रह होता. शंभर वर्षांपूर्वीचा काळ लक्षात घ्या, म्हणजे या आग्रहाची किंमत कळेल. कमल हुजूरपागेत शिकली आणि अभ्यासात हुशार निघाली.

वडिलांची इच्छा होती की मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टराशीच लग्न करावं. मुलीच्या मनात वेगळं होतं. तिनं फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजातून १९४३ साली एम.एस्सी. केलं. विषय काय, तर सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींचं पेशी-आनुवंशशास्त्र. आपल्याकडे अजिंठ्याच्या डोंगररांगेत दिवाळीच्या सुमारास सीताफळं पिकतात, मुलं दप्तरात घेऊन येतात. त्याच झाडाच्या कुळातल्या पेशी ही बाई सूक्ष्मदर्शकाखाली बघत होती. झाडाचे गुण बियांतून पुढच्या पिढीत कसे जातात, हा तिचा पहिला प्रश्न. हाच प्रश्न पुढे वेगळ्या रूपात आयुष्यभर तिच्याबरोबर राहिला.

१९३९ साली त्यांचं लग्न गणितज्ञ जयसिंग त्र्यंबक रणदिवे यांच्याशी झालं. म्हणजे एम.एस्सी. झालं ते लग्नानंतर. पतीनं या अभ्यासाला साथ दिली. मग दोघं मुंबईला आले.

टाटा हॉस्पिटल आणि खानोलकर सर

मुंबईत कमलताई टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये काम करू लागल्या. आपल्या भागातून कॅन्सरसाठी लोक आजही जिथं जातात, तेच हे परळचं टाटा. ते १९४१ साली सुरू झालं. तिथं त्यांना मोठे गुरू भेटले, डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांना ओळखतात. विकृतिशास्त्र म्हणजे पॅथॉलॉजी : आजारानं शरीराच्या भागात, पेशीत काय बदल होतो ते बघणारं शास्त्र. तंबाखू खाणं आणि तोंडाचा कॅन्सर यांच्या संबंधावर खानोलकरांनी खूप काम केलं.

त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. वनस्पतीच्या पेशीकडून त्या आता प्राण्याच्या आणि माणसाच्या पेशीकडे आल्या होत्या.

पीएच.डी. नंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. गे यांची ख्याती होती ती ऊतीसंवर्धनासाठी, म्हणजे टिश्यू कल्चरसाठी. शरीरातल्या पेशींचा छोटा भाग काढायचा आणि काचेच्या भांड्यात, योग्य पोषक द्रवात, शरीराइतक्याच उबेत, जंतूंचा संसर्ग न होऊ देता त्या जिवंत ठेवायच्या, वाढवायच्या. सांगायला सोपं, करायला फार अवघड. १९५१ साली गे यांच्याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका कृष्णवर्णीय महिलेच्या गाठीतल्या पेशी शरीराबाहेर सतत वाढत राहिल्या. त्या हेला पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत अजून वाढत आहेत. त्या पेशी तिच्या परवानगीशिवाय वापरल्या गेल्या, हेही मोठ्या मुलांना जरूर सांगावं.

हे तंत्र शिकून कमलताई भारतात परतल्या. परदेशात शिकलेल्यांनी मायदेशी येऊन काम करावं असं त्या इतरांनाही सांगत. १९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झालं, खानोलकर त्याचे संचालक होते. तिथं कमलताईंनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. ऊतीसंवर्धनाची ती देशातली पहिली प्रयोगशाळा मानली जाते. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी या केंद्राचं संचालकपदही सांभाळलं.

उंदीर, दूध आणि विषाणू

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ.

त्या काळात शास्त्रज्ञांना एक कोडं पडलेलं होतं. उंदरांच्या काही जातींत माद्यांना स्तनाचा कॅन्सर फार होई, काही जातींत जवळजवळ होत नसे. मग हे आनुवंशिक आहे असं वाटणं साहजिक होतं. पण १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी एक साधी युक्ती केली. जास्त कॅन्सर होणाऱ्या जातीची पिल्लं जन्मताच कमी कॅन्सर होणाऱ्या जातीच्या मादीच्या दुधावर वाढवली. त्या पिल्लांमध्ये कॅन्सरचं प्रमाण खूप घटलं. म्हणजे दुधातून काहीतरी जात होतं. पुढे कळलं की तो एक विषाणू होता.

मग सगळा दोष विषाणूचाच का? तसंही नाही. सगळ्या जातींच्या उंदरांवर त्याचा परिणाम सारखा होत नव्हता, म्हणजे आनुवंशिकता होतीच. अंडाशय काढलेल्या माद्यांमध्ये गाठी कमी होत, म्हणजे हार्मोनचाही वाटा होता. कमलताईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत याच प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं. उंदरांच्या वेगवेगळ्या जाती वापरून स्तनाचा कॅन्सर, रक्ताचा कॅन्सर, अन्ननलिकेचा कॅन्सर यांची कारणं त्यांनी तपासली. आनुवंशिकता, हार्मोन आणि विषाणू यांचं एकमेकांशी काय नातं आहे, हा त्यांच्या कामाचा गाभा. असे संबंध आपल्या देशात सुरुवातीला मांडणाऱ्यांत त्यांचं नाव घेतलं जातं.

इथे एक खुलासा पालकांसाठी. ही गोष्ट उंदरांची आहे. १९७१ साली मुंबईतल्या पारशी महिलांच्या दुधात तसेच विषाणूसारखे कण दिसल्याचं प्रसिद्ध झालं होतं, जगभर चर्चा झाली. पण माणसात आईच्या दुधातून कॅन्सर जातो असं काही सिद्ध झालेलं नाही. बाळाला आईचं दूध द्यायचंच.

आपण शेतकरी माणसं. आपल्याला हे शेताच्या भाषेत लगेच समजतं. गाजरगवताचं बी कोणाच्या शेतात नाही? सगळ्यांच्या मातीत पडलेलं आहे. पण निंदण-खुरपण वेळेवर होतं तिथं ते माजत नाही. मजूर मिळाले नाहीत, पावसानं उसंत दिली नाही, की तेच बी डोक्याएवढं वाढतं. बी तेच, फरक राखणीचा. शरीरात ही राखण आपली प्रतिकारशक्ती करते.

कमलताईंचं आणखी एक काम सांगायला हवं. १९५८ साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णांच्या ऊतींपासून प्रयोगशाळेत एक जिवाणू वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. या जिवाणूपासून पुढे कुष्ठरोगावरची लस बनवण्याचे प्रयत्न झाले. कुष्ठरोग म्हटलं की पूर्वी पहिली गोष्ट काय व्हायची? ताट वेगळं, माणूस वेगळा. त्याच आजारावर या बाई प्रयोगशाळेत काम करत होत्या.

मग आजीच्या पोटातला विषाणू कोणता?

त्याचं नाव एपस्टाईन-बार विषाणू. थोडक्यात ईबीव्ही. तो सापडला १९६४ साली लंडनमध्ये, अँथनी एपस्टाईन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार या तिघांना. आफ्रिकेतल्या युगांडात मुलांच्या जबड्यात मोठ्या गाठी येत. त्या गाठींचे तुकडे विमानानं लंडनला येत आणि एपस्टाईन त्यात विषाणू शोधत. कितीही बघितलं तरी दिसेना. शेवटी त्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या आणि मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू दिसला. म्हणजे कमलताई मुंबईत जे तंत्र रुजवत होत्या, तेच तंत्र इथं कामाला आलं.

हा विषाणू लाळेतून पसरतो आणि बहुतेकांना लहानपणीच येऊन जातो. जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या शरीरात तो आयुष्यभर गुपचूप पडून असतो. तुमच्या-माझ्याही असेल. आपल्याला पत्ताही नसतो, कारण प्रतिकारशक्तीची राखण चालू असते. वय झालं, किंवा संधिवातासारख्या आजारासाठी मेथोट्रेक्सेटसारखी गोळी चालू असली, किंवा अवयव बदलल्यानंतरची औषधं चालू असली, की राखण ढिली पडते. अशा वेळी क्वचित एखाद्याला तोंडात, त्वचेवर किंवा पोटात-आतड्यात व्रण होतो. जठरात होणं तर फारच दुर्मीळ. या व्रणाचं वेगळेपण डॉक्टरांनी २०१० साली स्पष्टपणे मांडलं. म्हणजे तसा हा नवाच ओळखीचा आजार.

निदान कसं करतात, ते क्रमानं बघू, कारण निदान हाच इथे खरा कळीचा मुद्दा आहे.

पहिली पायरी, विचारपूस. पोटातल्या अल्सरची नेहमीची कारणं दोन : हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू आणि दुखण्यावरच्या गोळ्या. म्हणून कोणत्या गोळ्या चालू आहेत हे डॉक्टरांना सगळं सांगायचं. संधिवाताची गोळी वेगळी, तिचा पोटाशी काय संबंध, असं म्हणून लपवायचं नाही.

दुसरी पायरी, दुर्बीण. तोंडातून नळी घालून जठर आतून बघतात. व्रण दिसतो, पण तो कशाचा आहे हे नुसतं बघून ठरत नाही.

तिसरी पायरी, बायोप्सी. व्रणाचे छोटे छोटे तुकडे घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. इथेच फसगत होऊ शकते. या व्रणातल्या मोठ्या विचित्र पेशी लिम्फोमा नावाच्या कॅन्सरच्या पेशींसारख्या दिसतात. इतक्या की अनुभवी डॉक्टरही थबकतात. त्यामुळे आजीच्या वेळी आधी कॅन्सरची शंका आली, यात कोणाची चूक नव्हती.

चौथी पायरी, विषाणूचा माग. त्याच तुकड्यावर एबर नावाची तपासणी करतात. पेशींत ईबीव्ही असेल तर त्याच्या खुणा रंगून दिसतात. पेशी कोणत्या प्रकारच्या आहेत हे कळायला आणखीही रंग वापरतात.

पाचवी पायरी, बाकीचं शरीर. स्कॅन करून इतर कुठे गाठी वाढल्यात का ते बघतात. हा व्रण साधारणपणे एकाच जागी असतो, लिम्फोमा मात्र इतरत्र पसरलेला असू शकतो.

हे सगळं एकत्र ठेवून मग नाव ठरतं. आणि नाव ठरण्यावर किती अवलंबून आहे बघा. लिम्फोमा म्हटलं तर केमोथेरपी. हा व्रण म्हटलं तर बऱ्याचदा प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध डॉक्टरांनी कमी केलं किंवा बदललं की व्रण आपोआप भरू लागतो. राखण पुन्हा सुरू झाली की तण मागे हटतं, तसंच. सगळ्यांचाच भरतो असं नाही, काहींना पुढचे उपचार लागतात. आणि एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगते : हे वाचून कोणी संधिवाताची गोळी मनानं बंद करू नका. ती हजारो लोकांना नीट चालते. शौचाला काळी होणं, पोट सतत दुखणं, वजन घटणं असं काही असेल तर डॉक्टरांना दाखवा, बाकी ते ठरवतील.

आता ताटाचा प्रश्न. व्रण लागट नसतो. विषाणू म्हणाल तर तो घरातल्या मोठ्या माणसांत बहुधा आधीपासूनच आहे. आजीचं ताट वेगळं करून काहीच साधत नाही. आजीला मात्र वाईट वाटतं, आणि नात एक चुकीची गोष्ट शिकते.

पुन्हा गावाकडे

कमलताई प्रयोगशाळेतच थांबल्या नाहीत. १९७३ साली त्यांनी सहकारी महिलांबरोबर भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. विज्ञानात काम करणाऱ्या बायकांना घर, मुलं आणि नोकरी सांभाळताना काय अडचणी येतात हे त्यांनी स्वतः अनुभवलेलं होतं. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

उतारवयात त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या, अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली. आपल्या शेजारचं अकोला नव्हे, ते अकोले वेगळं. खेड्यातल्या बायकांना आरोग्याचं मार्गदर्शन केलं. आयुष्यभर पेशी बघणाऱ्या बाईनं मुलांच्या ताटात काय पडतं हे बघायला जावं, यात मला काही विसंगत वाटत नाही. आजार होतो तो नुसत्या जंतूमुळे नाही, ज्या शरीरात तो जंतू जातो त्या शरीरावरही बरंच ठरतं. शरीर घडतं ते ताटातल्या अन्नावर. आपली शालेय पोषण आहाराची खिचडी वाढताना हे आठवायला हरकत नाही.

२००१ साली त्यांचं निधन झालं. २०२१ साली त्यांच्या १०४ व्या जन्मदिनी गूगलनं आपल्या मुखपृष्ठावर त्यांचं चित्र लावलं, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

वर्गात काय घेता येईल

पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी एक सोपा प्रयोग. चार वाट्या घ्या. प्रत्येकीत कापूस आणि मटकीचे दहा दहा दाणे ठेवा. पहिल्या वाटीत पाणी, उबदार जागा. दुसरी कोरडी. तिसरीत पाणी, पण फ्रिजमध्ये. चौथीत दाणे आधी उकळून घेतलेले, पाणी आणि ऊब पहिलीसारखीच. दोन-तीन दिवसांनी मोजा. बी असूनही कुठे उगवलं नाही आणि का, हे मुलांना त्यांच्या शब्दांत लिहू द्या. मग विचारा :

१. सर्दीची साथ आली तरी घरातल्या सगळ्यांना सारखीच सर्दी का होत नाही?
२. सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कसं ठरवायचं?
३. कोणत्या आजारात काळजी म्हणून अंतर ठेवावं लागतं आणि कोणत्या आजारात नाही? माहीत नसेल तर कोणाला विचारायचं?

तिसरा प्रश्न मुलांनी घरी जाऊन पालकांनाही विचारावा.

त्या मुलीच्या आईला मी हे सगळं जमेल तसं सांगितलं, आणि डॉक्टरांनाच परत एकदा विचारून या म्हटलं. त्या विचारून आल्या. डॉक्टरांनी संधिवाताचं औषध बदलून दिलं होतं. काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण झाली, व्रण भरत आलाय. परवा मुलगी डब्यात आजीच्या हातची ज्वारीची भाकरी आणि ठेचा घेऊन आली होती. आम्ही सगळ्यांनी वाटून खाल्ला.